सुरईत पाणी ठेवायचं नाही, मग ती सुरई कशाला? (कृपालसिंह शेखावत आणि जयपूरची ब्लू पॉटरी)

मोरपिशी
मंडळी, हल्ली मी कृपालसिंह शेखावतांच्या कामाच्या मागे लागले आहे. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म 1922 चा, सीकर जिल्ह्यातल्या मऊ गावचा. शांतिनिकेतनात चित्रकला शिकले, पुढे जपानला जाऊन तिकडची कला शिकून आले आणि मग जयपूरला येऊन शेवटच्या घटका मोजणाऱ्या ब्लू पॉटरीत (निळ्या-फिरोजी नक्षीची जयपुरी भांडी) शिरले. 1974 साली पद्मश्री, 2008 साली निधन. दिल्लीच्या गांधी स्मृतीत (म्हणजे जुन्या बिर्ला हाउसमध्ये) जी भित्तिचित्रं आहेत ती त्यांची. राज्यघटनेच्या हस्तलिखिताची पानं सजवणाऱ्या चित्रकार नंदलाल बोसांच्या चमूतही ते होते.

आता प्रश्न. हा माणूस हाडाचा चित्रकार. भिंत दिली की भिंत रंगवणार, कागद दिला की कागद, सुरई दिली की सुरई. त्या सुरया, कुंभ, थाळ्या अशा नटलेल्या की गळ्यापासून तळापर्यंत बोट ठेवायला मोकळी जागा नाही. आणि वापर? पाणी भरू नका, जेवू नका, घासू नका. मग भांड्याचा आकार हवाच कशाला? चौकोनी फरशीवर चित्र काढा आणि लावा भिंतीला! माझं मत असं की हे भांड्याच्या वेशातलं चित्र आहे, भांडं नुसतं निमित्त. पटत नसेल तर भांडा. (कोटी आपोआप झाली.)

नाममात्र
पहिला! आता वाचतो.

तात्या_सोलापूरकर
मोरपिशीताई, आमच्या पिढीत घरटी एक शोकेस असायचं. त्यात सोनेरी काठाचा टी-सेट, लग्नात आलेला. त्यातून चहा प्यायलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पाहुणे आले की कप यायचे ते स्वयंपाकघरातले, दांडा तुटलेले. त्या टी-सेटला कधी कोणी विचारलं का, की बाबा तू कप कशाला झालास?

मोरपिशी
तात्या :) पण तो टी-सेट चहा पेलू शकत होता हो. वापरला नाही हा आपला चिकटपणा.

गाडगेमडके
मी चाकावर काम करते, स्टोनवेअर (जास्त उष्णतेवर भाजलेली घट्ट मातीची भांडी) भाजते. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी ब्लू पॉटरीकडे नाक मुरडूनच बघायचे. त्यात मातीच नाही! मग जयपूरजवळच्या कोट जेवरला एका कारागिराच्या अंगणात बसून बघायला मिळालं. तिथं जे पाहिलं ते सांगते, म्हणजे 'निमित्त' या शब्दाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल.

मुख्य माल म्हणजे गारगोटीची पूड. त्यात काचेची पूड, सज्जी (एक खार), कतिरा डिंक आणि थोडी मुलतानी माती. पाणी घालून मळलं की कणकेसारखा गोळा होतो, पण कणकेचा चिवटपणा त्यात औषधालाही नसतो. चाकावर वर ओढायला गेलात तर फाटतो. म्हणून त्याची चपाती लाटतात (ते लोक चपातीच म्हणतात), प्लास्टरच्या साच्यात दाबून बसवतात, आणि आत चाळलेली राख ठासून भरतात, नाहीतर भिंती आत कोसळतात. साचा उलटा करून काढायचा, वाळवायचा, राख झटकायची. सुरईचं पोट असं दोन अर्ध्यांत होतं. गळा आणि बूड तेवढे चाकावर. मग हे सगळे तुकडे त्याच ओल्या मालाने जोडायचे, घासून सांधे बुजवायचे, वरून पांढरं अस्तर द्यायचं. तेव्हा कुठे कुंचला लागतो.

फरशी करणं याच्या कितीतरी पट सोपं आहे. तरी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुरईच करत बसलेत. नुसत्या निमित्तासाठी एवढा खटाटोप कोणी करेल?

शंकासुर
>>त्यात मातीच नाही!
>>थोडी मुलतानी माती

ठरवा एकदा.

गाडगेमडके
शंकासुरा, चिमूटभर हिंग घातला म्हणून आमटीला कोणी हिंगाची आमटी म्हणत नाही. अंग गारगोटीचंच.

ऋचा_दादर
छान धागा. माझा अनुभव जरा कडू आहे. कपाटांना लावायला ब्लू पॉटरीच्या मुठी मागवल्या होत्या, एका ऑनलाइन दुकानातून. निळी फुलं, फिरोजी वेल, फोटोत तर दृष्ट काढावी अशा. पहिल्याच पावसाळ्यात दोन मुठींच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसायला लागली, आणि एक मूठ स्क्रू जरा जास्त आवळल्यावर टिचकन दोन तुकडे होऊन हातात आली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नाजूक आयटम है." अरे, मग मूठ म्हणून विकतोस कशाला! या बाबतीत मी मोरपिशीच्या बाजूने. बघायच्या वस्तूला कामाला लावू नये.

रसायनाचा_मास्तर
ऋचाताई, भुकटीचं कारण साधं आहे. हे अंग साधारण 800 ते 850 अंशांवर एकदाच भाजतात. आपली लोणच्याची बरणी 1200 च्या आसपास जाते, तिचं अंग वितळून घट्ट बसतं. यांचं सच्छिद्र राहतं. बुडाला किंवा स्क्रूच्या भोकात झिलई (वरचा काचेचा थर) नसली की दमट हवेतलं पाणी आत शिरतं आणि सुकताना आतले क्षार बाहेर घेऊन येतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर होणारच. भोकाच्या आतून लाखेचा किंवा व्हार्निशचा हात मारा, स्क्रूखाली रबराचा वायसर घाला, आणि पाना लांब ठेवा.

विषय निघालाच आहे तर आणखी थोडं.

जुन्या झिलईत शिसं असायचं. काच कमी उष्णतेवर वितळायला आणि चकाकी यायला शिशासारखं दुसरं काही नाही. त्यामुळे आजीच्या काळातला निळा वाडगा मिळाला तर त्यात चिंच, लिंबू, लोणचं, दही यातलं काहीही ठेवू नका. आंबट पदार्थ शिसं बाहेर ओढतो. आता बिनशिशाची झिलई वापरणारे आहेत, पण विकणाऱ्याच्या तोंडी खात्रीवर माझा फार विश्वास नाही. शोभेची वस्तू शोभेलाच ठेवावी.

दुसरं, गारगोटी 573 अंशांना आपली आतली रचना बदलते. तापताना फुगते, निवताना आकसते, आणि हे एकदम होतं. भट्टी घाईने उघडली तर भांड्याला तिथंच तडा. म्हणून भाजणं काही तासांत उरकतं पण निवायला दोन-तीन दिवस देतात. कारागिराला हा आकडा ठाऊक नसेल, पण घाई केली की काय होतं ते त्याच्या आजोबालाही माहीत होतं.

नाममात्र
मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर रसायनात पास झालो असतो.

रसायनाचा_मास्तर
नसता झालास.

जुनी_बखर
ही कला जयपुरात आली कशी त्यावर थोडं. गारगोटीचं अंग आणि वर निळी-फिरोजी नक्षी ही मूळची इराणकडची युक्ती. बाराव्या शतकात तिथले कुंभार असलं अंग घडवत होते. चीनहून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांच्या तोडीचं काही करायचं होतं आणि तसली पांढरी माती हाताशी नव्हती, हा त्यामागचा सरळ हिशोब. पुढे हे तंत्र मध्य आशियातून मुलतान, दिल्ली असं आपल्याकडे सरकलं, पण इमारतींवरच्या फरशांच्या रूपात. भांडी नंतर.

जयपुरात ते रुजलं सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात. त्यांनी 1866 मध्ये कलाशाळा काढली आणि तिथं हे शिकवलं जाऊ लागलं. दंतकथा अशी की बयान्याचे चूडामण आणि कालूराम हे दोघे भाऊ पतंगबाजीत महाराजांच्या पतंगबाजांचे पतंग धडाधड कापत होते. महाराजांनी चौकशी केली तर कळलं की हे जातीचे कुंभार, भांड्यांच्या झिलईसाठी कुटलेली काच मांज्याला लावतात. महाराज खूश. दोघांना दिल्लीला भोला नावाच्या कारागिराकडे ही विद्या शिकायला पाठवलं.

कथा खरी-खोटी देव जाणे, पण बेतलीय मात्र अशा माणसाने ज्याला झिलई आणि मांजा दोन्हींतलं कळत होतं.

बदलापूरचा_बंडू
म्हणजे मांज्याला काच लावल्याबद्दल पूर्वी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. आता पोलीस येतात.

तात्या_सोलापूरकर
बंडू =))

खापरपणजी
जुनी_बखर, दिल्लीपर्यंत गेलात, दौलताबाद मध्येच राहिलं की. किल्ल्यात वर चढताना चिनी महाल लागतो. आता पडझड झालेली इमारत आहे, पण भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत आणि त्यावरूनच महालाला नाव. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथंच कैदेत ठेवलं होतं. बहुतेक लोक मेंढा तोफ आणि अंधारी याच्या नादात पुढे जातात. फरशा बघायच्या तर ऊन तिरपं असताना बघा, निळा तेव्हाच खुलतो.

अवलिया_पुणेकर
अवांतर: दौलताबादला पार्किंगवाल्यांनी यंदा किती घेतले?

खापरपणजी
अवांतरासाठी वेगळा धागा काढा.

जेजेचा_जुना
मुंबईनेही हा खेळ खेळलेला आहे, कोणी आठवण काढत नाही म्हणून मीच काढतो. आमच्या जे. जे. स्कूलमध्ये (स्थापना 1857) जॉर्ज विल्किन्स टेरी नावाचे साहेब होते. त्यांनी 1870 च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा सुरू केली. तिथली भांडी 'बॉम्बे पॉटरी' म्हणून, आणि पुढे टेरींच्या 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या कारखान्याच्या नावाने विलायतेत विकली जायची. आकार आणि झिलई सिंधच्या वळणाची. नक्षी मात्र कुठली? अजिंठ्याची! त्याच सुमारास, 1872 पासून, जे. जे.चेच जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. लेण्यांच्या छतावरची कमळं, हंस, माणसं नकलेच्या कागदावर उतरली आणि तिथून थेट फुलदाण्यांच्या पोटावर.

म्हणजे रंगवलेल्या खोलीचं छत काढून भांड्याला नेसवण्याचा उद्योग कृपालसिंहांच्या शंभर वर्षं आधी मुंबईत चालू होता. त्यातली काही भांडी भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. त्या इमारतीचं रंगवलेलं, सोनेरी मुलाम्याचं आतलं काम बघता बघता माना मोडतात, आणि कपाटातल्या त्या फुलदाण्यांसमोर कोणी थांबत नाही.

माझं मत: ती मुंबईची भांडी मला आवडत नाहीत. अजिंठ्याची बाई सपाट कागदावरून उचलून गोल पोटावर चिकटवली आहे, तिच्या चेहऱ्याला त्या गोलाईची खबरच नाही. मोरपिशीची 'भांड्याच्या वेशातलं चित्र' ही टीका इथे शंभर टक्के लागू. पण कृपालसिंहांना लावताना जरा सबुरीने.

मोरपिशी
जुनेकाका, हा मुद्दा भारी. पण सबुरी का, तेही सांगा ना.

जेजेचा_जुना
सांगतो. आधी नातवाला क्लासला सोडून येतो.

शंकासुर
तोवर मी काडी टाकतो.

1950 च्या आसपास जयपुरात ही कला जवळपास बंद पडली होती, हे सगळे लिहितात. मग हस्तकला मंडळाच्या कमलादेवी चट्टोपाध्याय आल्या, महाराणी गायत्रीदेवींचा आश्रय आला, कृपालसिंह आले आणि पुनरुज्जीवन झालं, हेही सगळे लिहितात. पण ज्यांनी ती चपाती लाटली, राख भरली, लाकडं घालून भट्टी सांभाळली, त्यांची नावं? घराण्यात जन्मलेला, शांतिनिकेतन-तोक्यो केलेला चित्रकार कुंचला हातात घेतो म्हणून त्याला पद्मश्री, आणि साचेवाला तो 'कारागीर'. दंतकथेतल्या दोन भावांना निदान नावं तरी आहेत.

गाडगेमडके
शंकासुराचं म्हणणं अर्धं मान्य. मी स्वतः हात बरबटवते त्यामुळे हे जास्तच लागतं. पण उरलेलं अर्धं असं की कृपालसिंहांनी नुसतं रंगवलं नाही. सवाई रामसिंह शिल्पकला मंदिरात त्यांनी शिकवलं, पुढे जयपूरच्या बनी पार्कात 'कृपाल कुंभ' ही स्वतःची कार्यशाळा काढली, आणि त्यातून शिकलेल्यांनी स्वतःच्या भट्ट्या घातल्या. जुनी रंगपेटी म्हणजे कोबाल्टचा गडद निळा आणि तांब्याचा फिरोजी, बस्स. त्यांनी पिवळा, हिरवा, तपकिरी असे रंग त्यात आणले. ते आज कोट जेवरमधली पोरं सहज वापरतात. कारागिराला नाव मिळालं नाही ही तक्रार खरी आहे. पण कारागिराला धंदा मिळाला ही गोष्ट छोटी नाही.

शंकासुर
धंदा मिळाला म्हणून नाव मागू नये?

गाडगेमडके
मागावं. मी पण मागते. कृपालसिंहांकडे नको, दुकानांकडे माग. बुडावर स्टिकर दुकानाचं असतं.

शंकासुर
हे पटलं.

बदलापूरचा_बंडू
शंकासुराला पटलं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवतोय.

आर्या_इंटिरियर
मी घरांची अंतर्गत सजावट करते, म्हणून दुसऱ्या टोकाने. ग्राहक येतात ते फोटो घेऊन: 'हॉलमध्ये राजस्थानी भिंत हवी, खाली तशीच दोन मोठी भांडी.' भिंतीवर छापील कागद चिकटतो, भांडी ब्लू पॉटरीच्या रंगाची पण फायबरची. वर्षभराने ग्राहकालाच कंटाळा येतो. मला नेहमी वाटतं की एकाच हाताने भिंतही रंगवली आणि भांडंही, तर कसं दिसत असेल? कृपालसिंहांच्या बाबतीत दोन्ही एका माणसाचं. गांधी स्मृतीतलं काम कोणी नीट पाहिलंय का?

फिरस्ता_शेखावाटी
पाहिलंय. प्रार्थनेच्या मैदानाजवळ एक मंडप आहे, आतून सगळा रंगवलेला. गांधीजींचं आयुष्य आणि देशाचा इतिहास असा पट. बहुतेक लोक गांधीजींच्या त्या शेवटच्या पावलांच्या वाटेने गंभीर होऊन जातात आणि मंडपात सावलीला टेकतात, वर बघतच नाहीत. रेषा लयदार, अंगं जरा लांबट, रंग मातकट. शांतिनिकेतनचं वळण लगेच ओळखू येतं.

ते वळण कुठून आलं हे महत्त्वाचं आहे. नंदलाल बोसांनी 1920 च्या दशकात जयपूरहून नरसिंगलाल नावाच्या कारागिराला शांतिनिकेतनात बोलावलं होतं, भित्तिचित्राची जयपुरी पद्धत शिकवायला. तिला आराइश म्हणतात. चुना मुरवायचा, त्यात संगमरवराची बारीक पूड, थरावर थर चढवायचे, शेवटचा थर ओला असतानाच रंग लावायचा, करणीने हलकेच थापून तो आत बसवायचा, मग अकीकाच्या दगडाने घोटायचं. वरून खोबरेल तेलाचा हात. भिंत अशी होते की गालाला लावली तर गार लागते. आमच्या शेखावाटीतल्या हवेल्यांत (आमच्या म्हणजे मी तिथं पडीक असतो म्हणून) जुनं काम याच पद्धतीचं.

पुढे बिनोदबिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं ते प्रचंड भित्तिचित्र 1946-47 मध्ये केलं तेव्हा मदतनीसांत कृपालसिंह हा राजस्थानातला मुलगा होता. म्हणजे जयपूरची विद्या बंगालला गेली आणि जयपूरच्याच बाजूच्या मुलाने ती तिथून परत आणली. आहे की नाही गंमत?

खापरपणजी
फिरस्ता, सुंदर प्रतिसाद. आपल्याकडे भिंती बघायच्या तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात बघा. वाईला ढोल्या गणपतीपर्यंत जाऊन परत फिरणाऱ्यांना हात जोडून विनंती.

जुनी_बखर
आणखी एक अवांतर, पण अभिमानाचं. राज्यघटनेचा विषय निघालाय म्हणून. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादांनी हाताने लिहिली हे सगळ्यांना माहीत असतं. हिंदी प्रतीचं सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांचं.

तात्या_सोलापूरकर
हे ठाऊक नव्हतं. धाग्याचे पैसे वसूल.

अवलिया_पुणेकर
धागा फुकट आहे तात्या.

जेजेचा_जुना
आलो. 'सबुरी का' याचं उत्तर.

फिरस्त्याने भिंत सांगितली आणि गाडगेमडकेने भांडं. आता दोन्ही शेजारी ठेवा. ओल्या चुन्यात रंग एकदा शिरला की शिरला, खोडता येत नाही. अस्तरावरही तेच, पृष्ठभाग रंग पिऊन टाकतो, रेष हलली की हलली. चुन्यात झाडपाल्याचे रंग मरतात, भट्टीत जळतात. दोन्हीकडे चालतो तो दगड-धातूचाच रंग. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन्हीकडे चित्रकाराला काम करताना खरा रंग दिसत नसतो. भिंत सुकल्यावर फिकी होते. आणि कोबाल्ट? मास्तर, सांगा.

रसायनाचा_मास्तर
कोबाल्टची भुकटी काळी. भांड्यावर लावतात तेव्हा काळपट राखाडी रेघा दिसतात, निळ्याचा मागमूस नाही. निळा येतो तो भट्टीत, काचेत विरघळल्यावर.

गाडगेमडके
आणि त्याच्याही पुढचं ऐका. रंगवून झालं की अख्खं भांडं झिलईच्या घोळात बुडवतात. त्यात काचेची पूड आणि मैद्याची खळ. बाहेर काढलं की भांडं पांढरंफटक, चित्र पार नाहीसं! दिवसभर बसून काढलेला मोर गायब. तिथं मी बघत होते तो माणूस ढिम्म होता, मलाच धस्स झालं. भट्टीतून निघेपर्यंत ते चित्र त्याच्या डोक्यात, बाकी कुठेच नाही.

जेजेचा_जुना
बरोबर. म्हणून मी म्हणतो की भिंतीवर घडलेला हात भांड्याकडे गेला तो वाट चुकून गेला नाही. त्याला माफ न करणारा पृष्ठभाग हवा होता.

मोरपिशी
काका, हे सगळं पटतं. पण यातून इतकंच सिद्ध होतं की ते भिंतीसारखंच उत्तम चित्र आहे. माझा प्रश्न आकाराचा होता. हे सगळं फरशीवरही खरं आहे! फरशीलाही कोबाल्ट काळाच दिसतो आणि झिलईत मोर गायबच होतो. मग सुरई का?

शंकासुर
मोरपिशी, एकटी पुरून उरलीस सगळ्यांना.

गाडगेमडके
चांगला पेच टाकलास. उत्तर देते, पण हातातून मोबाईल ठेवून एक लोटा घ्या.

त्याच्या मानेवरून खाली बोट फिरवा. मान अरुंद, मग खांदा एकदम रुंदावतो, पोट, आणि परत बुडाकडे निमुळतं. आता समजा मानेवर सोळा पाकळ्यांची पट्टी आखली आणि त्याच सोळा रेघा खाली नेल्या. खांद्यावर त्यांच्यातलं अंतर फाकतं. तिथं चित्रकाराने काय करायचं? पाकळ्या फुगवायच्या, की मध्ये नवी फांदी फोडायची, की पट्टी तोडून दुसरी नक्षी सुरू करायची? बुडाशी उलटी अडचण, सगळं दाटतं. वेलीचं एक आवर्तन पोटाभोवती फिरून जिथं सुरू झालं तिथंच बेमालूम मिळायला हवं, आणि ते मिळवताना एकावेळी अर्धंच भांडं डोळ्यांना दिसत असतं. उरलेलं पाठीमागे. फरशीला पाठ नसते, खांदा नसतो. तिला चार कोपरे, संपलं.

चांगल्या जयपुरी सुरईवर बघा: वेलीचं देठ खांद्यावर जाड होत जातं, फुलं पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर सगळ्यात मोठी, आणि गळ्याशी नुसत्या कळ्या. हा निर्णय चित्राने घेतलेला नाही, भांड्याने घ्यायला लावलाय. काकांनी सांगितलेल्या मुंबईच्या फुलदाणीवर हेच झालं नाही, म्हणून ती बाई चिकटवल्यासारखी दिसते.

आणि वाईट ब्लू पॉटरी ओळखायची खूण पण हीच. बाजारातल्या स्वस्त मालावर फूल सगळीकडे एकाच आकाराचं असतं, खांद्यावर मध्येच रिकामी फट सुटते आणि तिथं तीन ठिपके देऊन वेळ मारून नेलेली असते. सांधा जिथं असतो तिथं हमखास जाड पट्टी.

ऋचा_दादर
आत्ता उठून माझ्या मुठी बघितल्या. तीन ठिपके आहेत :(

बदलापूरचा_बंडू
ताई, मूठ आहे ती. तिला खांदा कुठून आणायचा?

आर्या_इंटिरियर
गाडगेमडके, तुमचा हा प्रतिसाद मी ग्राहकांना छापून देणार आहे. म्हणजे तुमची हरकत नसेल तर.

गाडगेमडके
खुशाल द्या. सल्ल्याचे पैसे मात्र तुम्ही घ्याल, हे मला माहीत आहे.

मोरपिशी
हं. लोटा घेऊन बसले होते, शेजारणीने विचारलंसुद्धा.

'निमित्त' मी मागे घेत नाही. पाणी ठेवायला ती सुरई नाही ही गोष्ट शिल्लक राहतेच, आणि तात्यांच्या टी-सेटपेक्षा ती एक पायरी पुढेच आहे, कारण तिला पाणी पेलतच नाही. पण खांद्याचं बोलणं डोक्यात बसलं. यापुढे कुठलंही रंगवलेलं भांडं दिसलं की आधी खांदा बघणार आणि मग मोर. शंकासुराने काढलेला नावांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. त्यावर वेगळा धागा निघायला हवा, बुडावरच्या स्टिकरपासून सुरुवात करून.

फिरस्ता, पुढच्या महिन्यात दिल्लीला जायचं घाटतंय. तो मंडप बघायला आधी परवानगी वगैरे लागते का?

फिरस्ता_शेखावाटी
काही लागत नाही, प्रवेश फुकट. सोमवारी बंद असतं तेवढं सांभाळा. आणि मंडपात शिरल्यावर आधी वर बघा.

अवलिया_पुणेकर
पार्किंगचं काय तिथं?